क्रमांक पहिला, म्हणून संस्था पहिली?

“व्यवस्थापनाच्या पदवीसाठी क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या संस्थेत डोळे मिटून प्रवेश घ्या, नाव मोठे असले की शिक्षण, नोकरी आणि पगार आपोआप मागून येतात,” असा सल्ला प्रवेशाच्या दिवसांत सर्रास दिला जातो. त्यामागची गृहीतके एकेक करून तपासली, तर त्यांतले जेमतेम अर्धे टिकते.

पहिले गृहीतक असे की, क्रमांक शिक्षणाचा दर्जा सांगतो. ‘फायनान्शियल टाइम्स’ या ब्रिटिश दैनिकाच्या जागतिक एमबीए क्रमवारीत माजी विद्यार्थ्यांचा पगार आणि पगारातील वाढ या दोनच निकषांना मिळून कित्येक वर्षे 40 टक्के भार होता, 2023 मध्ये तो 32 टक्क्यांवर आला. म्हणजे अजूनही जवळजवळ एक तृतीयांश क्रमांक पगारच ठरवतो. व्हार्टन ही अमेरिकेतील संस्था या यादीत 2022 साली पहिली होती, 2023 साली यादीतच नव्हती आणि 2024 साली पुन्हा पहिली आली. मधल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांकडून प्रश्नावलीला आवश्यक तेवढे प्रतिसाद आले नाहीत, एवढेच काय ते घडले होते. तिथले प्राध्यापक काही वर्षभर रजेवर गेले नव्हते.

दुसरे गृहीतक, आकडे विश्वासार्ह असतात. मात्र त्यांतले बरेचसे खुद्द संस्थाच पुरवतात. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठाच्या फॉक्स बिझनेस स्कूलचा ऑनलाइन एमबीए सलग चार वर्षे ‘यूएस न्यूज’च्या यादीत पहिला होता. सर्व विद्यार्थ्यांनी जीमॅट ही व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा दिल्याचे संस्थेने कळवले होते; प्रत्यक्षात ती परीक्षा दिलेले साधारण 20 टक्केच निघाले. 2018 मध्ये हे उघड झाले, 2021 मध्ये तत्कालीन अधिष्ठाता फसवणुकीसाठी दोषी ठरले आणि पुढल्या वर्षी त्यांना 14 महिन्यांची कैद झाली.

अशी उघड लबाडी विरळाच. पण खरे आकडेही दिशाभूल करू शकतात. समजा, दहा जणांच्या वर्गात नऊ जणांना प्रत्येकी 10 लाख आणि एकाला 60 लाख पगार मिळाला, तर माहितीपत्रकात सरासरी 15 लाख छापली जाईल आणि त्यात खोटे काहीच नसेल, फक्त 15 लाख पगाराचा एकही विद्यार्थी वर्गात सापडणार नाही. म्हणून सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, पाहावा, आणि त्याहूनही आधी तो आकडा वर्गातल्या किती जणांच्या माहितीवर काढला आहे हे विचारावे. पगार न कळवलेले, स्वतःचा व्यवसाय सुरू केलेले, नोकरी न मिळालेले अशांना हिशेबातून वगळले की अहवाल हमखास देखणा होतो.

तिसरे गृहीतक सर्वांत चिवट आहे: मोठ्या नावामुळेच मोठा पगार मिळतो. नामांकित संस्था मुळातच चुणचुणीत आणि अनुभवी उमेदवार निवडून घेते, तेव्हा पुढच्या यशातले किती श्रेय संस्थेचे आणि किती निवडीचे, हे वेगळे काढणे अवघड असते. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकी संशोधकांच्या 2002 च्या अभ्यासात असे आढळले की, सारख्याच तोलाच्या महाविद्यालयांत अर्ज करून सारखेच निकाल मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी अधिक नामांकित ठिकाणी गेलेल्यांची कमाई सर्वसाधारणपणे जास्त नव्हती. गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांना मात्र लाभ दिसला. हा अभ्यास पदवीपूर्व महाविद्यालयांचा असल्याने तो एमबीएला जसाच्या तसा लावता येणार नाही, तरी त्यातली शंका रास्तच आहे.

मग नावाला काहीच किंमत नाही का? निश्चितच आहे. मोठ्या सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका भरतीसाठी मुख्यतः ठरावीक संस्थांच्याच आवारात जातात, आणि ज्याला तिथेच जायचे आहे त्याने नाव पाहावेच. परंतु ज्याला रुग्णालय व्यवस्थापनात, एखाद्या विशिष्ट प्रदेशातल्या उद्योगात किंवा घरच्या व्यवसायात शिरायचे आहे, त्याला त्या क्षेत्रातले नोकरी देणारे कोणत्या संस्थेचे नाव घेतात हे कळणे अधिक उपयोगाचे. त्यासाठी गेल्या तीन-चार तुकड्यांतील कोण कोणत्या पदावर लागले याची यादी संस्थेकडे मागावी, आणि ती मिळण्यास टाळाटाळ झाली तर तेही निर्णय घेताना जमेस धरावे.