फी माफ झाली, मग अडलं कुठं?

वसमत रोडच्या टपरीवर रविवारी क्रिकेट सोडून दुसरा विषय सहसा निघत नाही. परवा मात्र बंड्या आला तोच तोंड पाडून. धाकटी बहीण संभाजीनगरला एएनएम करतेय, म्हणजे सहायक नर्स-दाईचा कोर्स. पहिलं वर्ष झालं आणि आता परत येते म्हणतेय. पैसे पुरेनात.

"फी किती हाय?" मेडिकलवाल्या गण्यानं विचारलं.

"फीचं काही नाही. शिष्यवृत्तीत निघाली."

"मग रडायलास कशाला?"

इथून जी जुंपली ती दुसरा चहा गार होईपर्यंत.

मास्तरांना सगळ्या योजना पाठ. "ओबीसीत बसता ना? सरकारच्या आधार योजनेत राहण्या-जेवणाला तसल्या शहरात वर्षाचे ५१,००० मिळतात. फॉर्म भर."

"भरलाय सर. जिल्ह्यातून ६०० पोरं घेतात, यादीत नाव यायचंय. मेसवाला यादीची वाट बघत नाही." बंड्यानं कप खाली ठेवला. "आणि तुमच्या हिशेबात एक गोष्ट धरलीच नाही. ती इथं कपड्याच्या दुकानात ८,००० आणायची. आमचा किराणा त्यावर होता. ते बंद झालं, अन् वरून मेस, युनिफॉर्म, केसेस नोंदवायचं केसबुक. पोस्टिंगला गावात जायचं तर एसटीला अर्धं तिकीट हाय म्हणून बरं."

"मग पार्टटाइम करावं की," गण्या म्हणाला. "माझ्या काउंटरला कॉलेजची दोन पोरं हायेतच."

माझी बायको जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा मोठा कोर्स, झालेली, त्यामुळे मला गप्प बसवेना. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, मधूनच नाईटचा आठवडा. बाळंतपण काही टाइमटेबल बघून होत नाही. केसबुकातल्या केसेस भरल्या नाहीत तर पोरगी ड्युटी संपल्यावरही लेबर रूमच्या दारात बसून असते. काउंटरला उभी कधी राहणार? शिवाय दोन वर्षांतले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपच.

"ते शिकणंच हाय ना पण," मास्तर.

"सर," मी म्हणालो, "दहावं बीपी घेणं शिकणं. दोनशेवं बीपी म्हणजे काम. त्या पोरी एक दिवस आल्या नाहीत तर वॉर्डात बेड कोण लावणार, कळा देणाऱ्या बाईजवळ कोण थांबणार?"

दीप्याची मावसबहीण इंग्लंडात नर्स आहे, हे तो आठवड्यातून एकदा तरी सांगतो. या वेळी मात्र उपयोगाचं बोलला. तिकडं २०१७ पासून नर्सिंग आणि मिडवाइफच्या नव्या विद्यार्थ्यांची बर्सरी, म्हणजे सरकारी विद्यावेतन, बंद केली, कर्ज काढा म्हणाले. अर्ज घसरले. मग २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंड द्यायला लागले, परत न घ्यायच्या बोलीवर. फी मात्र अजून कर्जातच. स्कॉटलंडात १०,००० पौंड मिळतात.

"कर्ज इथंबी मिळतं," बँकेतला जोशी म्हणाला. "शैक्षणिक कर्ज, चार लाखांपर्यंत तारण नाही. कोर्स संपल्यावर एक वर्षानं हप्ते."

"अन् सिस्टरला नोकरी हायेच," गण्यानं धागा उचलला. "पाच हजार लोकवस्तीला एक आरोग्य उपकेंद्र. डोंगरी, आदिवासी भागात तीन हजारांना. बसवणार कोणाला तिथं?"

"बसवतात. कंत्राटावर," बंड्या. "२०२५ च्या ऑगस्टात एनएचएमवाले, म्हणजे आरोग्य अभियानातले कंत्राटी लोक, संपावर कशाला बसले होते? सरकारी सेवेत कायम करा म्हणूनच ना? त्या पगारावर मी बापाला हप्ता लावू? त्याच्या डोक्यावर सोसायटीचं हायेच."

जोशी यावर काही बोलला नाही. बँकेतली माणसं अशा वेळी चहाकडे बघतात.

मला वाटतं गण्या हट्टी आहे, पण वाईट नाही. उठता उठता म्हणाला, "या महिन्याची भिशी माझ्या नंबरला हाय. तू घे. माझं डिसेंबरला बघू."

आमची भिशी दहाजणांची, ३,००० ची.

बंड्यानं मोबाइलवर आकडे मांडले. तीस हजार, म्हणजे मेसचे आठ-नऊ महिने. मग मोबाइल खिशात टाकला.

"पुढचे हप्ते तर मलाच भरायचेत ना रे."

"ते तर हायेच."

"मग तिला विचारून सांगतो," म्हणाला, आणि चहाचे पैसे द्यायचे विसरून गाडीला किक मारली. ते गण्यानं दिले.