लेखी देऊ नका, तोंडी सांगा

"सिस्टर, हे लेखी कशाला दिलंत? तोंडी सांगायचं ना!" वॉर्डातल्या बंद यंत्राबद्दल लेखी दिल्यावर हे वाक्य ऐकून माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. मुंबईतल्या एका खासगी ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मी स्टाफ नर्स आहे. कुठल्या ते लिहीत नाही, कारण घराचा हप्ता चालू आहे.

अहो, तोंडीच सांगितलं होतं! आमच्या वॉर्डातल्या शेवटच्या दोन बेडना सक्शनचं, म्हणजे पेशंटच्या घशातला कफ-उलटी ओढून काढणाऱ्या यंत्राचं, प्रेशर येत नाही, हे इन्चार्ज सिस्टरना सांगितलं, यंत्रं बघणाऱ्या बायोमेडिकलच्या माणसाला सांगितलं, राउंडला आलेल्या मेट्रनना, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांना, सांगितलं. सगळे "बघतो, बघते" म्हणाले आणि गेले. आता ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला काम सोपवताना, प्रत्येक शिफ्टची मुलगी न विसरता सांगते, "तेरा-चौदाला सक्शन नाही, लागलं तर बाजूच्या वॉर्डातलं पोर्टेबल आण." आम्हाला याची सवय होऊन बसली, आणि मला सगळ्यात भयानक तेच वाटतं.

मग एका नाईटला चौदा नंबरच्या आजोबांना उलटी झाली आणि ती श्वासात गेली. ओठ निळे पडायला लागले. मी सक्शनची नळी जोडली, नॉब पूर्ण फिरवला, गेजचा काटा जागचा हलेना. एका हाताने त्यांना कुशीवर धरलं, दुसऱ्या हाताने तोंडातलं जमेल तेवढं काढत मावशींच्या नावाने ओरडले. त्या शेजारच्या वॉर्डातून मशीन ढकलत आणेपर्यंत रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन सत्तरच्या खाली. आजोबा वाचले. सकाळी ड्युटी संपल्यावर घरी न जाता मी इन्सिडंट फॉर्म, म्हणजे वॉर्डात काही चूक किंवा बिघाड झाला की भरायचा फॉर्म, भरला आणि जे झालं ते जसंच्या तसं लिहिलं.

सक्शन बघायला कुणी आलं नाही. मला मात्र दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं. "पोर्टेबल मशीन आधीच बेडजवळ आणून का ठेवलं नाही?" हा पहिला प्रश्न. त्या रात्री वॉर्डात तीसच्या वर पेशंट आणि आम्ही दोघी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल वॉर्डात पाच पेशंटमागे एक नर्स, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तिनामागे एक. हे मी बोलून दाखवलं तर "विषय भरकटवू नका." त्यानंतर मेमो हातात, आणि पुढच्या रोस्टरला, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, माझ्या नाईट वाढलेल्या. रोस्टर का बदललं, तर "ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कारण". वॉर्डातल्या बाकीच्या मुलींनी जे समजायचं ते समजून घेतलं. आता कुणी फॉर्म भरत नाही.

म्हणजे तोंडी सांगितलं तर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही", आणि लेखी दिलं तर मेमो. मग माणसाने बोलायचं तरी कसं?

आणि फॉर्म येत नाहीत म्हणून क्वालिटीवाले खूश! महिन्याच्या तक्त्यात इन्सिडंट शून्य. तोच तक्ता ट्रस्टींच्या मीटिंगला जातो आणि तिथे शाबासकी मिळते. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात महिनाभर एकही चूक नाही, एकही यंत्र बिघडलं नाही, कुणी पडलं नाही, कुणाला चुकीचा डोस गेला नाही, हे त्या टेबलाभोवतीच्या एकाही माणसाला खटकू नये? ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या बेडचं प्रमाण, दोन टक्के घसरली तर तासभर चर्चा होते. हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या एनएबीएचचे तपासनीस येणार म्हटलं की "तुम्ही निर्भयपणे रिपोर्ट करता का?" या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडून पाठ करून घेतात. १२ मेला नर्सेस डे, केक, गुलाबाचं फूल, "तुम्ही हॉस्पिटलचा कणा आहात". कण्याला विचारा तरी एकदा, कुठे दुखतंय!

काही घडलं की मात्र आम्हीच पहिल्या सापडतो. ६ नोव्हेंबर २०२१ ला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागून ११ रुग्ण गेले. दोन-तीन दिवसांत अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन सिस्टरना. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० बाळं गेली, तिथेही दोन नर्सेसवर गुन्हा दाखल झाला. हयगय झाली असेल तर चौकशी जरूर करा. पण वायरिंग, फायर सिस्टीम, खरेदी, दुरुस्तीच्या फायली सिस्टरच्या सहीने हलतात का? ज्यांच्या सहीने हलतात त्यांच्या दारावर पोलीस इतक्या लवकर का जात नाहीत?

कायद्याचा आधार शोधायला गेले. जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली केला, पण तो लागू करायची अधिसूचनाच निघालेली नाही. आणि निघाली तरी तो सरकारी कारभारापुरता. खासगीतल्या सिस्टरला त्यात जागा नाही. माझी एक बॅचमेट इंग्लंडला एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आहे. तिकडे स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात पेशंटचे अतोनात हाल झाले, कर्मचारी ओरडत होते, कुणी ऐकलं नाही. २०१३ साली रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल आला, आणि पुढे एनएचएसची हॉस्पिटलं चालवणाऱ्या प्रत्येक ट्रस्टमध्ये कर्मचाऱ्यांचं ऐकायला स्वतंत्र माणूस नेमणं सुरू झालं. तिकडेही बोलणाऱ्याला त्रास होतो, ती सांगते. पण निदान जायला एक दार आहे.

मला फार काही नकोय. फॉर्म भरला की तो इन्चार्ज, मेट्रन, एचआर अशी चाळण न लागता थेट ट्रस्टींच्या समितीकडे जाऊ दे. त्यावर काय केलं ते तारखेसह वॉर्डात लावा. फॉर्म भरणाऱ्या मुलीचं रोस्टर बदललं तर कारण लेखी द्या. आणि ट्रस्टींनी एकदा रात्री दोन वाजता वॉर्डात यावं, सोबत ॲडमिनचा माणूस न घेता, आणि ड्युटीवरच्या मुलीला विचारावं की बाई, इथे काय काय बंद आहे. चौदा नंबरचं सक्शन हे लिहीपर्यंत तरी बंदच आहे.