नोटीस तर इथेही लागते

भारतात लग्नाच्या नोंदणीवरून वाद पेटला की आमच्या इथल्या, इंग्लंडमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी हमखास लिहितं, "इंग्लंडमध्ये बघा, कौन्सिलच्या ऑफिसात जा, सही करा, झालं लग्न, नोटीस नाही नि काही नाही." हे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची लग्नं तिकडे भारतात मंगल कार्यालयात वाजतगाजत झालेली, इथल्या रजिस्टर ऑफिसची पायरी कोण चढलंय!

इथेही नोटीस लागते, म्हणजे आम्ही लग्न करणार आहोत अशी आगाऊ सूचना. आधी त्या भागात निदान ७ दिवस राहिलेलं असावं लागतं, मग दोघांनी स्वतः जाऊन माणशी ४२ पाउंड भरायचे, आणि पुढचे २८ दिवस तुमची नोटीस ऑफिसात लावलेली राहते, ज्याला वाचायची त्याने येऊन वाचावी. लग्न कुठे करणार तेही आधीच सांगायचं, जागा बदलली की नोटीस पुन्हा पहिल्यापासून. आणि व्हिसावर असाल तर प्रकरण होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे जाऊ शकतं नि २८ चे ७० दिवस होऊ शकतात. ओळखीतल्या एका मुलीला सोबत म्हणून मी गेले होते, दोघांना वेगवेगळं आत बोलावलं, एकमेकांची जन्मतारीख, कामधंदा सगळं विचारलं, आणि पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव बघून त्या बाई बुचकळ्यात, की मुलीचं मधलं नाव पुरुषाचं कसं! समजावता समजावता तिचा घसा कोरडा पडला.

म्हणजे नोटीस इथे आहे, मुदतही जवळपास तेवढीच, आपल्या १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये, म्हणजे धार्मिक विधींशिवाय रजिस्टर लग्न करायच्या कायद्यात, ३० दिवस. मग आपल्याकडेच एवढा बोभाटा का? तर फरक कलम ६ मध्ये आहे. दोघांपैकी एकजण कायमचा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. म्हणजे घरच्यांच्या भीतीने शहरात येऊन लग्न करणाऱ्या पोरीचं नाव आणि पत्ता सरकार स्वतः नेऊन तिच्याच जिल्ह्यात चिकटवतं. इथल्या पद्धतीत आणि आपल्या पद्धतीत मला हाच खरा फरक वाटतो, बाकी हरकत कशावर घ्यायची ते दोन्हीकडे कायद्याने ठरलेलं आहे, आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे का, वय बसतं का, नातं निषिद्ध आहे का वगैरे. "आम्हाला मुलगा पसंत नाही" ही हरकत तिकडेही टिकत नाही. पण हरकत घ्यायला कोण येतंय, पत्ता मिळाला की काम झालं ना! केरळने २०२० मध्ये या नोटिसा वेबसाइटवर टाकणं थांबवलं ते लोक त्या उचलून सोशल मीडियावर फिरवायला लागले म्हणूनच. अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की नोटीस जाहीर करायची की नाही ते जोडप्याला ठरवू द्या. मला हे पटतं, आणि देशभर व्हायला हवं असंही वाटतं.

गंमत म्हणजे इंग्लंडमध्येही एके काळी याहून वाईट प्रकार होता. १८३६ च्या कायद्याने सिव्हिल, म्हणजे धार्मिक विधींशिवायचं लग्न आलं खरं, पण त्याच्या नोटिसा गरिबांच्या मदतीचं बघणाऱ्या गार्डियन बोर्डाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि वीसेक वर्षांत त्यांनी ते बंद केलं. उलट आपल्याकडे २०२३ मध्ये गुजरातचे मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल मेहसाण्यात म्हणाले की प्रेमविवाहात आईवडिलांची संमती सक्तीची करता येईल का, संविधानात बसत असेल तर अभ्यास करू. सज्ञान माणसाच्या लग्नाला बापाची सही! रजिस्ट्रारचं काम नोंद करायचं, घरचे राजी आहेत का ते बघायचं नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे इकडचं सगळं छान असं समजणाऱ्यांसाठी. १९९८ मध्ये लंडनच्या साउथॉलमध्ये एका जोडप्याचा निकाह झाला, रेस्टॉरंटमध्ये, पाहुण्यांसमोर. सिव्हिल लग्न नंतर करू म्हणत नवऱ्याने ते कधी केलंच नाही, चार मुलं झाली, आणि घटस्फोटाची वेळ आली तेव्हा २०२० मध्ये इथल्या कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने हे लग्नच नाही. आपल्या सप्तपदीचंही तेच, हॉटेलात मांडव घाला, घोड्यावरून या, सिव्हिल विधी वेगळा केला नाही तर कागदावर तुम्ही कोणी नाही. आणि भारतात बरोब्बर उलटं! २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे दोन पायलटांची केस आली, विधी झालेले नाहीत पण एका समितीचं सर्टिफिकेट आणि त्यावर सरकारी नोंदणी हातात, कोर्ट म्हणालं विधीच नाहीत तर हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालंच नाही, सर्टिफिकेट कितीही असू दे. त्या निकालात कोर्टाने हेही लिहिलंय की परदेशी व्हिसासाठी लोक आधी नोंदणी करून घेतात आणि विधी नंतर. हे आपल्यालाच उद्देशून आहे हो, आमच्या ग्रुपवर दर सीझनला हाच प्रश्न असतो, "साखरपुडा झालाय, व्हिसाला उशीर होतोय, सर्टिफिकेट आधी काढता येईल का?"

महाराष्ट्रात तर या शॉर्टकटला जागाच कमी, १९९८ च्या कायद्याने नोंदणी करायची म्हणजे लग्न लागून गेलेलं असायला हवं, मग वॉर्ड ऑफिसात नाहीतर गावात ग्रामसेवकाकडे अर्ज, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो, शिवाय भटजींची सही, ते गृहस्थ तोवर दुसऱ्या मुहूर्तावर गेलेले असतात. तरीही ही नोंदणी हवीच, बाईला नवरा सोडून गेला किंवा पोटगी मागायची वेळ आली की हाच कागद कामाला येतो. सुप्रीम कोर्टानेही २००६ मध्ये सगळ्या राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं होतं.

त्यामुळे व्हिसाची घाई असलेल्यांना मी एकच सांगते, लग्न लागल्याची खोटी तारीख घालून कागद करू नका, सरळ स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न करा. दोघांपैकी एकाचाच मुक्काम त्या जिल्ह्यात ३० दिवस असला तरी चालतं, मुलगी बहुधा तिथेच असते. नोटिशीचा महिना आधीच धरून ठेवा, घरचे राजी असतील तर त्या नोटिशीचा काही त्रास होत नाही, ते सर्टिफिकेट कोर्टातही पक्का पुरावा धरतात, आणि नंतर आईच्या मनासारखा मांडव घालायला कोणी अडवत नाही.