कवितेला निवांतपणा कशाला हवा?

"कविता वाचायची तर निवांतपणा हवा," असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. कवितेची खरी गरज लागते ती मार्चअखेरीला, घरात आजारपण असताना, हप्त्याची तारीख तोंडावर आल्यावर. आणि कविता तरी कुठे निवांतपणात जन्मल्या? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, हातातलं काम चालू असतानाच त्यांना ओव्या सुचत. मुलाने, सोपानदेवांनी, त्या उतरवून ठेवल्या. बहिणाबाई गेल्यावर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांचं पुस्तक निघालं. आपले नारायण सुर्वे गिरणगावात वाढले, गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते.

म्हणूनच सुर्वे मला जवळचे वाटतात. "सगळं छान होईल" असले सुविचार रोज सकाळी मोबाइलवर येतात आणि माझी चिडचिड वाढवतात. सुर्वे उद्याच्या भाकरीची काळजी लपवत नाहीत. आपल्या मनातली भीती आधीच कुणीतरी नीट शब्दांत मांडून ठेवली आहे, एवढ्यानेही छातीवरचं ओझं हलकं होतं.

माझा आग्रह मात्र पाठांतराचा आहे. ठाण्याला फास्ट लोकलमध्ये चढलं की एक हात कडीला, दुसरा पर्सवर. पुस्तक सोडाच, फोनही काढता येत नाही. म्हणून मी चार ओळी चिठ्ठीवर लिहून ओट्यासमोरच्या टाइलवर चिकटवते आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पुटपुटत राहते. गाडीत हमखास तिसरी ओळ अडते. "पुढे काय बरं?" करत मुलुंड, भांडुप मागे पडतात, आणि काल साहेब काय बोलले ते तेवढा वेळ डोक्यातून जातं. ती अडलेली ओळ सापडते तेव्हा काय बरं वाटतं!

गाडीत टाळ वाजवत अभंग म्हणणाऱ्या भजनी मंडळांवर काहीजण वैतागतात. मला ती माणसं फार शहाणी वाटतात. दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, पहिली बायको आणि मुलगा गेला. त्यातून आलेले शब्द दिवसभर खपलेली माणसं एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळून गातात.

कवितेने हप्ता भरला जात नाही, हे मलाही कळतं. झोपच उडाली असेल तर डॉक्टरकडेच जावं. पण रोजच्या धकाधकीत, भर गर्दीत, स्वतःशी म्हणायला आपल्याकडे काहीतरी असावं असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला कोणती कविता अख्खी पाठ आहे? शाळेतली असली तरी चालेल, सांगा.