खटके

गाडीच्या जुन्या शॉकअॅब्जॉर्बरमधून तेल झिरपू लागले, तेव्हा मेकॅनिकने साधेच नवे बसवण्याचा सल्ला दिला होता. मी मात्र ‘अॅडजस्टेबल’ या शब्दाला भुललो. प्रत्येकाला एक छोटी कळ आणि तिला १६ खटके. कळ पूर्ण आवळली की सर्वांत कडक आणि तेथून खटके मोजत सोडत गेले की मऊ, एवढाच मामला होता. चार चाकांचे मिळून ६४ खटके झाले. पुढच्या दोन महिन्यांत घरात जे उडाले ते वेगळे.

वाचन मी भरपूर केले. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकअॅब्जॉर्बर आपल्या पोटातले तेल बारीक छिद्रांतून ढकलून तिच्या उड्यांची उष्णता करून टाकतो. सुखकर गाडीच्या स्प्रिंगा मिनिटाला साधारण ६० ते ९० हेलकाव्यांच्या हिशेबाने निवडलेल्या असतात, हे वाचल्यावर मी घड्याळ घेऊन बॉनेट दाबत उभा राहिलो. गाडी एकदा वर आली आणि गप्प झाली. मी पुन्हा दाबले, ती पुन्हा गप्प. मोजता येण्याइतकी गाडी डुलू लागली, तर तिचे शॉकअॅब्जॉर्बर कामातून गेलेले असतात, हे त्याच लेखाच्या पुढच्या पानावर होते.

मग रीतसर चाचण्या सुरू झाल्या. रस्ता तोच, वेग तोच, आणि एका वेळी एकच बदल. शेजारी वही घेऊन पत्नी आणि मागे सासूबाई, कारण मागच्या आसनाचे सुखदुःख चालकाला कधीच कळत नाही. सर्वांत कडक खटक्यावर रस्त्यात पडलेल्या नाण्यावरून चाक गेले असते, तर छापा होता की काटा हेही मी सांगू शकलो असतो. सर्वांत मऊ खटक्यावर गाडी गतिरोधक ओलांडून बराच वेळ मान डोलावत राहिली, तेव्हा मागून क्षीण आवाज आला, “जावईबापू, अजून किती गतिरोधक आहेत?” गतिरोधक एकच होता.

पुढच्या कळा बॉनेट उघडताच हाताशी येत. मागच्या मात्र खालच्या टोकाला असल्यामुळे गाडी स्टँडवर चढवून उताणे झोपावे लागे. खालून पाहताना उजवे-डावे उलटत असणार, असा विचार करून मी बुद्धिपुरस्सर त्या उलट्या फिरवल्या. कळ समोरून पाहून फिरवायची, एवढेच माहितीपत्रकात लिहिले होते. त्यामुळे मागची बाजू मऊ करण्याच्या नादात मी ती पंधरा दिवस कडक करत होतो आणि त्याच पंधरवड्यात वहीत माझ्या हस्ताक्षरात ‘मागे लक्षणीय सुधारणा’ अशी नोंद आहे. सासूबाईंनी त्या काळात उशी आणायला सुरुवात केली होती, याचा मी वेगळा अर्थ लावला.

शेवटी मेकॅनिककडे गेलो. त्याने कळांकडे पाहिलेही नाही. उकिडवा बसून टायरमधली हवा मोजली, ती ४२ भरली. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर ३३ छापले होते. “पहिली स्प्रिंग टायरच असतो, साहेब,” तो म्हणाला, “आणि हवा टायर थंड असतानाच मोजायची.” ती ३३वर आणून, चारही कळा पूर्ण आवळून त्याने पुढे १० आणि मागे ९ खटके सोडले. मला माझी वही शोधायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात त्याने हे सारे उरकले.

परतताना गतिरोधक आला आणि गेला. मागे पाहिले, तर उशी मांडीवरच होती आणि सासूबाईंना गाढ झोप लागली होती. मी दबक्या आवाजात पत्नीला आकडे टिपून घ्यायला सांगितले. तिने वही उघडली, पेनाचे बटण दाबले आणि त्या खटक्यासरशी मागून आवाज आला, “आला का गतिरोधक?”