टॅबलेट कपाटात ठेवल्याने मूल बोलू लागत नाही

खारघरला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी यंदाच्या जूनमध्ये एक टॅबलेट चार दिवस कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली पडून होता. तो तिथे ठेवला तिच्या सासूबाईंनी, आणि त्यांनी तसे केले ते भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक संदेश वाचून. माझा भाचा सहा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, आणि तोंडाने त्याला अजून दहा-बारा शब्दांपलीकडे बोलता येत नाही. टॅबलेटवरच्या चित्राला बोट लावले की यंत्र तो शब्द मोठ्याने उच्चारते, आणि अशा रीतीने तो 'पाणी', 'नको', 'बाहेर', 'दुखतंय' असे दीडशेच्या आसपास शब्द वापरतो. ते सगळे त्या चार दिवसांत कपाटात बंद होते.

तोच संदेश त्याच आठवड्यात ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला आणि त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: ऑटिझम मोबाइलमुळे होतो आणि त्याला 'व्हर्च्युअल ऑटिझम' म्हणतात, पूर्वी मोबाइल नव्हते तेव्हा अशी मुलेही नव्हती, बोलणारे ॲप दिले की मूल आळशी होते आणि कायमचे मुके राहते, घरातले सगळे स्क्रीन बंद केले आणि सोबत दिलेल्या क्रमांकावर नाव नोंदवले, तर ९० दिवसांत मूल बोलू लागते.

पूर्वी अशी मुले नव्हती, हे विधान सर्वांत लवकर निकालात निघते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अशा ११ मुलांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले ते १९४३ मध्ये. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले १९७२ मध्ये, आणि आयपॅड बाजारात आला २०१० मध्ये. आपल्याकडेही ही मुले होतीच. गावोगावी त्यांना 'मुका', 'वेडसर', 'बाहेरचं झालंय' असे म्हणत आणि पाहुणे आले की मागच्या खोलीत बसवत. त्यांचे नाव कुठे नोंदले गेले नाही म्हणून ती जन्मालाच आली नव्हती, असे म्हणणे त्यांच्या आयांवर अन्याय करणारे आहे.

'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द रुमानियातील एका मानसशास्त्रज्ञाने प्रचारात आणला. निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन्ही मुख्य वर्गीकरणांत, म्हणजे डीएसएम-५ आणि आयसीडी-११ मध्ये, असा कोणताही विकार नाही. तरीही या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. दीड वर्षाच्या मुलाला भरवताना, झोपवताना आणि रडे थांबवताना प्रत्येक वेळी यूट्यूब लावून दिले, तर त्याच्याशी माणसांनी बोलण्याचा वेळ तेवढा कमी होतो आणि बोलणे मागे पडू शकते. दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन देऊच नये आणि दोन ते पाच या वयात दिवसाला एक तासाच्या पुढे जाऊ नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. जपानमध्ये ८४,०३० माता-बालकांच्या जोड्यांवर आधारलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात एक वर्षाच्या वयात जास्त स्क्रीन पाहणाऱ्या मुलग्यांमध्ये तीन वर्षांच्या वयात ऑटिझमचे निदान अधिक आढळले. संदेश लिहिणाऱ्यांचा रोख बहुधा याच अभ्यासाकडे आहे. मात्र अशा अभ्यासातून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच कळते, एकीमुळे दुसरी झाली हे सिद्ध होत नाही. जे बाळ माणसांच्या चेहऱ्यापेक्षा फिरत्या पंख्यात अधिक रमते, त्याच्या हाती थकलेले आईवडील मोबाइल लवकर देतात, हेही तितकेच शक्य आहे. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे जुळ्या मुलांच्या आणि भावंडांच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. तेव्हा 'तूच मोबाइल दिलास म्हणून असे झाले' हे वाक्य कोणत्याही आईला ऐकवण्याआधी दहा वेळा विचार करावा. माझ्या बहिणीने ते ऐकले आहे, आणि तेही मुलाचे निदान झाले त्याच आठवड्यात.

आता ज्या मुद्द्यामुळे टॅबलेट कपाटात गेला त्याकडे येते. बोलणारे ॲप दिले की मूल बोलण्याचा प्रयत्न सोडून देते, ही भीती ऐकायला पटण्यासारखी आहे आणि म्हणूनच ती घातक आहे. या प्रश्नाची तपासणी झालेली आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील ज्या २७ व्यक्तींबाबतचा पुरावा भक्कम होता, त्यांपैकी ८९ टक्के व्यक्तींचे तोंडी बोलणे चित्रे, खुणा किंवा यंत्रे वापरायला लागल्यावर वाढले, ११ टक्क्यांमध्ये फरक पडला नाही, आणि बोलणे कमी झाले अशी एकही व्यक्ती आढळली नाही. वाढ बहुतेकांमध्ये बेताचीच होती, हेही त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. दोन वर्षांनी केवळ स्वमग्न मुलांवरील अभ्यासांचा स्वतंत्र आढावा घेतला गेला, त्यातही बोलणे घटल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र दिले की प्रत्येक मूल बोलू लागते, असा दावा कोणीही जाणकार करत नाही. पण यंत्रामुळे मूल मुके होते हे खोटे आहे.

संशोधन बाजूला ठेवून घरातले उदाहरण पाहिले तरी हेच दिसते. बाळ बोलण्याआधी चिऊकडे बोट दाखवते, हात हलवून टाटा करते, आणि त्यामुळे ते पुढे बोलणार नाही असे कोणतीही आजी म्हणत नाही. ज्याला 'पाणी' म्हणता येते, त्याच्यासाठी तोंडाने म्हणणे हाच सर्वांत कमी कष्टाचा मार्ग असतो. टॅबलेट शोधायचा, उघडायचा, खाण्यापिण्याचे पान काढायचे आणि पेल्याचे चित्र दाबायचे, एवढा खटाटोप आळशी मूल कशाला करील? शिवाय त्याने चित्र दाबले की प्रत्येक वेळी तोच शब्द, त्याच आवाजात, त्याच क्षणी त्याच्या कानावर पडतो. माझ्या भाच्याचे 'दे' आणि 'बास' हे दोन शब्द असेच टॅबलेटवरून तोंडात आले.

त्या चार दिवसांत काय झाले तेही सांगते. शाळा नुकतीच सुरू झाली होती, बूट नवे होते, पावसाने मोजे रोज भिजत होते. सकाळी दाराशी आले की तो जमिनीवर आडवा पडून किंचाळायचा आणि स्वतःचे मनगट चावायचा. टॅबलेट काढून घेतल्याचा हट्ट आहे, दोन दिवसांत निवळेल, असे घरात ठरले, कारण संदेशातही नेमके तेच लिहिले होते की पहिला आठवडा मूल त्रास देईल, पण डगमगू नका. पाचव्या दिवशी मी पनवेल लोकलने खारघरला गेले आणि बहिणीने टॅबलेट बाहेर काढला. त्याने तो मांडीवर घेतला, दोन पाने मागेपुढे केली आणि दाबले, 'बूट'. मग 'दुखतंय'. मग पुन्हा 'बूट', 'नको'. मोजा काढून पाहिले तर उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड फुटून लाल झालेला होता. सासूबाईंनी स्वतः त्याची टाच धुतली, पुसून कोरडी केली आणि बराच वेळ त्याचा पाय मांडीवर घेऊन बसल्या. "अगं, चांगल्यासाठीच केलं होतं मी," एवढेच त्या म्हणाल्या. ते खरेच होते. माझा राग त्यांच्यावर नाही. मुलाच्या वेदनेला हट्ट समजायला ज्याने त्यांना शिकवले, त्या मजकुरावर आहे.

संदेश सगळे स्क्रीन सारखेच मानतो, त्यावर फार लिहीत नाही. कार्टून पाहताना मूल काही सांगत नसते. संवादाचे ॲप वापरताना ते समोरच्या माणसाशी बोलत असते. दोन्ही एकाच काचेवर दिसतात, एवढेच त्यांच्यातले साम्य आहे.

९० दिवसांची हमी देणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा: तुमची नोंदणी कुठे आहे? स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती पाहता येते. ऑटिझम हा बरा करायचा आजार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून नोंदलेला आहे, आणि त्या कायद्याने मुलाला ज्या सोयी मिळायला हव्यात, त्यांत संवादाचे साधनही येते. याच बाजारात स्टेम सेलचे इंजेक्शनही विकले जाते, आणि ऑटिझमसाठी ते देऊ नये असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितले आहे.

ज्यांना खरोखर मदत हवी आहे, त्यांच्यासाठी नवी मुंबईत दोन ठिकाणे आहेत: खारघरला बौद्धिक दिव्यांगजनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र, आणि वाशीला महापालिकेचे ईटीसी केंद्र, म्हणजे दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र. ॲपसाठी हजारो रुपये खर्च करण्याचीही गरज नाही. पवईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' विनामूल्य आहे आणि मराठीत चालते. ॲप मुलाच्या हाती देऊन बाजूला होऊ नये. घरातल्या मोठ्यांनी स्वतः बोलताना त्यावरची चित्रे दाबत राहावे, म्हणजे मूल पाहून शिकते. तो टॅबलेट त्याच कामासाठी ठेवावा आणि सेटिंगमध्ये जाऊन बाकीचे ॲप उघडणार नाहीत अशी सोय करावी; सासूबाईंची यूट्यूबची काळजी तेवढ्याने मिटली. आणि नेहमीची चोवीस चित्रे कागदावर छापून, लॅमिनेट करून दप्तरात ठेवावीत. भाच्याच्या दप्तरात आता तसा कागद आहे, आणि त्यावर 'दुखतंय' पहिल्या ओळीत आहे.