मालकांचे आधार कार्ड

आज सकाळी मावशीला घेऊन ई-केवायसीसाठी गेले होते आणि तेव्हापासून डोके तापलेले आहे, म्हणून हे लिहीत आहे. ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे १,५०० रुपये चालू राहायचे असतील, तर बाईने स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक द्यायचा, अशी अट आहे. संगणकावरच्या मुलाने मान वर न करता विचारले, “मावशी, मालकांचं आधार?” मालकांना जाऊन अकरा वर्षे झाली. “मग वडिलांचं?” वडील २००८ साली गेले, तेव्हा आधार कार्ड कोणाकडेच नव्हते. मुलगा भला होता. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईंकडे द्या, असे त्याने नीट समजावून सांगितले. म्हणजे सोय आहे, हे मान्य करते. पण ५८ वर्षांच्या बाईने स्वतःच्या खात्यातल्या पैशांसाठी दोन मेलेल्या पुरुषांपैकी एकाला साक्षीला बोलवायचे, हे कोणाला तरी मंत्रालयात बसून सुचले, याचा राग काही केल्या जात नाही.

मावशी तासगावकडची. द्राक्षबागेतली एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणे आणि उन्हाळ्यात शेडवर जाळीवरचा बेदाणा निवडणे, यात तिचा जन्म गेला. कागदोपत्री मात्र ती शेतकरी नाही. सातबाऱ्यावर थोरल्या दिरांचे नाव आहे आणि त्यापुढे ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांच्या पोटात मावशीचा नवरा होता. तो गेल्यावर वारसनोंद कोणी केली नाही, त्यामुळे मावशी तिथेही पोहोचली नाही. पीककर्ज दिरांना, पीकविमा दिरांना, केंद्राच्या ‘पीएम किसान’चे वर्षाचे ६,००० आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे ६,००० हेही दिरांच्याच खात्यात. शेतकऱ्यासाठी म्हणून जे जे येते ते सातबारा बघून येते, आणि मग त्याच बाईच्या हातावर दीड हजार ठेवून तिला ‘लाडकी’ म्हटले जाते.

माहेरची गोष्ट तर याहून कडू आहे. मावशीचे लग्न १९८८ सालचे. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, तोही केंद्राच्या ११ वर्षे आधी, याचा अभिमान आपण सगळेच सांगतो. पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ती अट गेली आणि मावशीला हक्क मिळाला. तो चार वर्षेही टिकला नाही. आजोबांच्या वर्षश्राद्धानंतरच्या आठवड्यात, २००९ साली, मामाने दोन्ही बहिणींना हक्कसोडपत्रासाठी तालुक्याला नेले. माझ्या आईने सही केली. मावशीचा अंगठा यंत्रावर उमटेना, कारण बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मामाने रुमालाने तो पुसला, पुन्हा टेकवला, तिसऱ्या खेपेला उमटला. नंतर दोघींना साड्या घेतल्या आणि हॉटेलात जेवू घातले. मामा दुष्ट नाही. दोघींची बाळंतपणे त्याच्याच घरी झाली आणि जमीनही मोठी नव्हती, हेही खरेच.

आणि मी? मी तेव्हा नोकरीला लागलेली, शिकलीसवरलेली भाची, त्या दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. एक शब्द बोलले नाही. हे लिहिताना मघाचा राग सरकारवरून माझ्याकडे वळतो आहे, तो वळू दे.

तरीही सरकारला सोडणार नाही. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी १९९२ साली ‘लक्ष्मी मुक्ती’ आली, पण अर्ज नवऱ्याने करायचा! २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती फ्लॅट घेणाऱ्या आमच्यासारख्यांना, बेदाणा निवडणारीला नव्हे. २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावायला घेतली, ते चांगलेच झाले. परंतु जो माणूस खातेदार म्हणून कधी कागदावर आलाच नाही, त्याच्या विधवेला त्यात कोण शोधणार? नवऱ्याचा आधार क्रमांक मागायला यंत्रणेला जमते, तर त्याच नवऱ्याची जमीन कोणाच्या नावावर गेली, हे विचारायला काय हरकत आहे?

दीड हजार नकोत, असे मी म्हणणार नाही. मावशी पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवते, रक्तदाबाच्या गोळ्या आता मुलाकडे न मागता आणते आणि ‘माझं खातं’ हे शब्द तिच्या तोंडून मी गेल्या वर्षी पहिल्यांदा ऐकले. त्या शब्दांसाठी मी या योजनेचे पुष्कळ काही माफ करायला तयार होते, आज सकाळपर्यंत.

परत येताना एसटीत कळले की मृत्यूचा दाखला दिरांच्या कपाटात आहे, जमिनीच्या कागदांच्याच पिशवीत. मी म्हटले, दाखला मागशील तेव्हा सातबाराही बघायला माग. कवठे एकंद मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मग म्हणाली, “आधी दाखला तर मागू दे.”